खोक्यावरचे नाव, पडद्यावरचा खेळ

१६ एप्रिल २०२५ रोजी एनव्हिडियाचे 'जीफोर्स आरटीएक्स ५०६० टीआय' हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आले. नाव एक, कार्डे दोन. एकात ८ जीबी मेमरी, किंमत ३७९ डॉलर. दुसऱ्यात १६ जीबी, किंमत ४२९ डॉलर. चिप दोन्हींत तीच. पहिल्या दिवशी परीक्षकांच्या टेबलावर मात्र बहुतेक कार्डे १६ जीबीचीच होती. ८ जीबीचे कार्ड अनेकांना नंतर स्वतःच्या पैशांनी दुकानातून आणावे लागले, आणि ते लावून पाहिल्यावर फरक उघडा पडला. टेक्स्चरची सेटिंग वर ठेवलेल्या काही नव्या खेळांत १६ जीबीवाले कार्ड सुरळीत चालत होते, तिथेच ८ जीबीवाले धापा टाकत होते. जूनमध्ये एएमडीनेही हाच कित्ता गिरवला. 'रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी' या एकाच नावाखाली ८ जीबीचे कार्ड २९९ डॉलरला आणि १६ जीबीचे ३४९ डॉलरला आले.

पीसी गेमिंगच्या गप्पांत वाद कायम 'एनव्हिडिया की एएमडी' असाच रंगतो. दोन्हींकडे कट्टर पाठीराखे आहेत. पण सारख्या किमतीची दोन कंपन्यांची कार्डे शेजारी ठेवली, तर बहुतेक खेळांत फरक थोडाच निघतो. गिऱ्हाईक नाडले जाते ते दुसरीकडे: एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या दोन वेगळ्या कार्डांमध्ये, आणि आपला मॉनिटर, आपला खेळ, आपले कॅबिनेट यांच्याशी मेळ नसलेल्या कार्डामध्ये.

एका फ्रेमचा हिशेब

कार्डाचे मूळ काम सांगायला सोपे आहे. खेळातले जग त्रिकोणांच्या जाळीने बनलेले असते. त्या त्रिकोणांना रंग, पोत, सावली देऊन पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा, आणि हे सेकंदाला साठ, शंभर, दीडशे वेळा करायचे. प्रोसेसरमध्ये मोजके, पण चतुर कोअर असतात. ग्राफिक्स चिपमध्ये हजारो साधे कोअर एकाच वेळी एकाच तऱ्हेचे गणित करत असतात. आरटीएक्स ५०६० मध्ये ते ३,८४० आहेत, तर सर्वांत महागड्या आरटीएक्स ५०९० मध्ये २१,७६०.

आपण ज्याला १०८०पी किंवा फुल एचडी म्हणतो, त्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. १४४०पीवर ३६.९ लाख, आणि ४केवर ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला नवी फ्रेम, म्हणजे नवे पूर्ण चित्र, दर १६.७ मिलिसेकंदांनी लागते, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला ६.९ मिलिसेकंदांनी. तेवढ्या वेळात चित्र तयार झाले नाही, तर जुनेच चित्र पडद्यावर राहते आणि डोळ्याला झटका जाणवतो.

म्हणूनच सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेमची सरासरी, हा आकडा एकटा फसवा ठरतो. समजा, एका सेकंदात ६० फ्रेम आल्या. त्यांतल्या ५९ फ्रेमना प्रत्येकी सव्वापंधरा मिलिसेकंद लागले आणि एकीला तब्बल १०० मिलिसेकंद. सरासरी तरीही ६० एफपीएसच दिसते, पण खेळणाऱ्याचा नेम नेमका त्या एका फ्रेमला चुकलेला असतो. 'द टेक रिपोर्ट' या अमेरिकी संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये एकेका फ्रेमला लागणारा वेळ मोजून परीक्षणे लिहायला सुरुवात केली, आणि पुढे ती रीत सगळीकडे पसरली. आज कोणत्याही चांगल्या परीक्षणात सरासरीच्या शेजारी '१ टक्का लो' असा आकडा असतो. सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग त्यातून कळतो. दोन कार्डांची सरासरी सारखी असेल, तर निवड या दुसऱ्या आकड्यावर करावी.

डझनांतून उरलेले तीन

१९९०च्या दशकाच्या मध्यावर थ्रीडी चिपा बनवणाऱ्या कंपन्या डझनांनी होत्या. १९९६ मध्ये आलेल्या थ्रीडीएफएक्सच्या 'वूडू' कार्डाने गेमिंगचा नूरच पालटला. ते फक्त थ्रीडीचे काम करत असे. साध्या चित्रासाठी मशीनमध्ये दुसरे कार्ड असावेच लागे, आणि दोन्ही बाहेरून एका केबलने जोडली जात. १९९३ मध्ये जेन्सन ह्वांग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रिएम यांनी स्थापलेली एनव्हिडिया तेव्हा बुडण्याच्या बेतात होती. तिच्या पहिल्या चिपने त्रिकोणांऐवजी वक्र पृष्ठांचा मार्ग धरला आणि मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सने त्रिकोण स्वीकारले. जपानच्या सेगाने दिलेल्या ५० लाख डॉलरवर कंपनी तगली. १९९७ मध्ये 'रिव्हा १२८' चालले, १९९९ मध्ये 'जीफोर्स २५६' ही 'जगातली पहिली जीपीयू' म्हणून मिरवली गेली, आणि २००० सालच्या अखेरीस एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सचीच मालमत्ता विकत घेतली.

दुसऱ्या बाजूला कॅनडातली एटीआय. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने 'रेडिऑन' हे नाव रूढ केले, आणि २००६ मध्ये एएमडीने ती ५४० कोटी डॉलरना घेतली. तिसरा खेळाडू उशिरा आला. खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले राजा कोडुरी एएमडीच्या ग्राफिक्स विभागातून २०१७ मध्ये इंटेलमध्ये गेले, आणि २०२२ मध्ये इंटेलची 'आर्क' कार्डे बाजारात आली.

या तिन्ही कंपन्या चिप आखतात. बहुतेक कार्डे मात्र दुसरेच बनवतात. आसुस, एमएसआय आणि गिगाबाइट ही तिथली ओळखीची नावे. झोटॅक फक्त एनव्हिडियाची कार्डे करते, सफायर फक्त एएमडीची. एकाच चिपच्या दोन पंखे आणि तीन पंखे असलेल्या कार्डांत वेगाचा फरक सहसा दोनचार टक्क्यांचा असतो. आवाज, तापमान, लांबी आणि वॉरंटी यांत फरक पडतो. चिप खालची आणि डामडौल वरचा, अशा कार्डापेक्षा त्याच पैशात वरच्या चिपचे साधे कार्ड जवळजवळ नेहमीच चांगले.

नाव तेच, कार्ड वेगळे

नावांच्या या खेळाला जुना इतिहास आहे. २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९७० वर ४ जीबी मेमरी लिहिलेली होती. काही महिन्यांत वापरणाऱ्यांच्या लक्षात आले, की साडेतीन जीबीपर्यंत कार्ड झपाझप चालते आणि शेवटच्या अर्ध्या जीबीत मंदावते. शेवटचा तुकडा वेगळ्या, संथ वाटेने जोडलेला होता. अमेरिकेत खटला झाला आणि २०१६ मधल्या तडजोडीत एनव्हिडियाने तिथल्या खरेदीदारांना प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देऊ केले.

२०१६ च्या जीटीएक्स १०६० चे ६ जीबीचे आणि ३ जीबीचे अशी दोन रूपे आली. फरक फक्त मेमरीचा वाटावा, असेच नाव होते. पण ३ जीबीच्या कार्डात १,२८० ऐवजी १,१५२ कोअर होते. स्वस्तातल्या जीटी १०३० ची गत आणखी वाईट. त्या कार्डाच्या दुसऱ्या आवृत्तीत जीडीडीआर५ च्या जागी साधी डीडीआर४ मेमरी बसली, आणि सेकंदाला ४८ जीबीचा पुरवठा जेमतेम १७ जीबीवर आला. खोक्यावर नाव जीटी १०३० च राहिले.

एएमडीचे आरएक्स ५८० मुळात २,३०४ कोअरचे होते. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी '५८० २०४८एसपी' ही कमी कोअरची आवृत्ती निघाली. तिचे कोअर धाकट्या आरएक्स ५७० इतकेच. पुढे हीच कार्डे भारतातल्या स्वस्त ऑनलाइन विक्रीत नुसते 'आरएक्स ५८० ८ जीबी' म्हणून दिसू लागली. २०२२ मध्ये आरटीएक्स ३०६० चे ८ जीबीचे रूप आले. त्यात मेमरीबरोबर मेमरीचा रस्ताही १९२ बिटवरून १२८ बिटवर आला होता. त्याच वर्षी एनव्हिडियाने 'आरटीएक्स ४०८०' या नावाखाली १६ जीबीचे आणि १२ जीबीचे, दोन वेगळ्या चिपांची कार्डे जाहीर केली. टीका इतकी झाली, की १२ जीबीचे कार्ड बाजारात येण्याआधीच मागे घेतले गेले. जानेवारी २०२३ मध्ये तेच 'आरटीएक्स ४०७० टीआय' म्हणून, ८९९ ऐवजी ७९९ डॉलरला विकायला आले.

लॅपटॉपमध्ये हा गोंधळ वाढतो. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये २४ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ४०९० मध्ये १६. चिपसुद्धा डेस्कटॉपच्या ४०८० च्या कुळातली. शिवाय लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याच चिपला किती वॅट देते, यावर वेग ठरतो. आरटीएक्स ४०६० ची लॅपटॉप चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही चालवता येते. म्हणून लॅपटॉप घेताना कार्डाच्या नावाइतकाच वॅटचा आकडा विचारावा. तो दुकानदाराला सांगता आला नाही, तर त्या नेमक्या मॉडेलचे परीक्षण शोधावे.

ओटा पुरला नाही तर

कार्डावरच्या मेमरीला गेमर मंडळी 'व्हीरॅम' म्हणतात. स्वयंपाकघरात जसा ओटा, तशी ही मेमरी. टेक्स्चर, सावल्या, प्रकाशाचा हिशेब असे त्या क्षणी लागणारे सगळे तिथे मांडलेले असावे लागते. ओटा भरला, की उरलेले सामान आतल्या खोलीतून, म्हणजे कॉम्प्युटरच्या साध्या रॅममधून, हेलपाटे घालून आणावे लागते. ती वाट पीसीआय एक्सप्रेस स्लॉटची, आणि ती व्हीरॅमपेक्षा कितीतरी संथ. तेव्हा सरासरी एफपीएस फारसा न घसरताही खेळ अडखळतो, किंवा खेळ स्वतःच गुपचूप धूसर टेक्स्चर दाखवून वेळ मारून नेतो.

मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' पीसीवर आला, तेव्हा ८ जीबीच्या कार्डांची ही अडचण चव्हाट्यावर आली. नंतरच्या दुरुस्त्यांनी तो खेळ सुधारला, पण कन्सोलकडून पीसीकडे येणाऱ्या खेळांची भूक वाढतच गेली. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबीची सामायिक मेमरी आहे, हे त्यामागचे एक साधे कारण.

पण मग कंपन्या ८ आणि १६ च्या मध्ये १२ जीबी का देत नाहीत? उत्तर चिपच्या रचनेत आहे. प्रत्येक मेमरी चिपला ३२ बिटची जोडणी लागते. ५०६० टीआयचा मेमरीचा रस्ता १२८ बिटचा, म्हणजे चार चिपांची जागा. प्रत्येक चिप २ जीबीची, म्हणून ८ जीबी. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिपा बसवल्या, की १६ जीबी. १९२ बिटच्या कार्डात सहा चिपा येतात, म्हणून आरटीएक्स ५०७० आणि इंटेलचे बी५८० ही १२ जीबीची. २५६ बिटच्या रेडिऑन ९०७० मध्ये आठ चिपा, १६ जीबी.

जुन्या मदरबोर्डवर अडचण दुप्पट होते. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीला ४ जीबी मेमरी आणि पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार लेन मिळाल्या. नव्या मदरबोर्डवर ते कसेबसे निभावे; तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर मेमरी संपली, की त्याचा वेग कोसळे. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटीच्या ८ जीबीच्या कार्डांनाही जुन्या स्लॉटची झळ १६ जीबीच्या भावंडांपेक्षा जास्त बसते.

आधी मॉनिटर, मग कार्ड

ही सगळी यादी डोक्यात असली, तरी खरेदीची सुरुवात मॉनिटरपासून करावी. फुल एचडी, ६० हर्ट्झच्या पडद्यावर सेकंदाला १५० फ्रेम पाठवणाऱ्या कार्डाचे निम्म्याहून जास्त कष्ट दिसतच नाहीत. नवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन कार्डाचे बजेट थोडे खाली आणले, तर खेळण्याच्या अनुभवात कितीतरी जास्त फरक पडतो. मॉनिटरमध्ये फ्रीसिंक किंवा जीसिंकची सोय असेल, तर फ्रेमचा वेग वरखाली झाला तरी चित्र फाटत नाही.

दुसरा प्रश्न खेळाचा. 'व्हॅलोरंट' आणि 'काउंटर-स्ट्राइक २' खेळणाऱ्याला सेकंदाला शेकडो फ्रेम हव्या असतात, आणि तिथे बहुधा प्रोसेसर आधी दमतो. जुना प्रोसेसर ठेवून महागडे कार्ड घेतले, तर आकडा जिथल्या तिथे राहतो. 'सायबरपंक २०७७' सारख्या खेळात उलट. तिथे ओझे कार्डावर पडते. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' या खेळांना तर रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढण्याचे, हार्डवेअर असलेले कार्डच लागते, जीटीएक्स मालिकेचे कार्ड तिथे चालत नाही.

ढोबळ नकाशा असा मांडता येईल. फक्त 'व्हॅलोरंट'सारखे ईस्पोर्ट्स खेळायचे आणि पडदा फुल एचडी असेल, तर ८ जीबीचे कार्ड पुरते. फुल एचडीवर नवे, मोठ्या बजेटचे खेळ आणि कार्ड चारपाच वर्षे वापरण्याचा विचार असेल, तर १२ किंवा १६ जीबीचे शोधावे. १४४०पीसाठी १२ जीबी ही खालची मर्यादा धरावी, १६ असल्यास उत्तम. ४केचा खर्च वेगळ्याच पातळीवर जातो.

काढलेली फ्रेम आणि रचलेली फ्रेम

२०१८ मध्ये आरटीएक्स २० मालिकेबरोबर एनव्हिडियाने दोन गोष्टी आणल्या. पहिली रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या आणि प्रतिबिंबे रंगवणे. दुसरी डीएलएसएस. तिच्यात खेळ कमी ठिपक्यांत रंगवला जातो आणि न्यूरल नेटवर्क तो मोठा करून दाखवते. एएमडीचे उत्तर एफएसआर २०२१ मध्ये आले. सुरुवातीची एफएसआर कोणत्याही कार्डावर चालायची, पण झाडांच्या पानांत, तारांच्या जाळीत तिचे चित्र वळवळायचे. मार्च २०२५ मधल्या एफएसआर ४ ने, न्यूरल नेटवर्कचाच आधार घेऊन, ते अंतर बरेच मिटवले. मात्र ती एएमडीने फक्त आरएक्स ९००० मालिकेबरोबर दिली. डीएलएसएसची ठिपके वाढवणारी नवी आवृत्ती २०१८ च्या आरटीएक्स कार्डांवरही चालते, आणि मुळातच जास्त खेळांत तिची सोय आहे.

फ्रेम जनरेशन ही त्यापुढची पायरी. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड एक किंवा अधिक फ्रेम अंदाजाने रचते. एफपीएसचा आकडा फुगतो, हालचाल गुळगुळीत दिसते. पण दुसरी खरी फ्रेम तयार होईपर्यंत पहिली थांबवून ठेवावी लागते, म्हणून माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, किंचित वाढतोच. मूळ वेग ६० च्या आसपास असेल, तर ही सोय छान वाटते. २५ वर असेल, तर १०० एफपीएस दाखवणारा खेळही हाताला चिकट लागतो.

हे ठाऊक असले, की जाहिरातीतला आकडा वाचता येतो. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावरून जेन्सन ह्वांग यांनी ५४९ डॉलरच्या आरटीएक्स ५०७० मध्ये ४०९० ची कामगिरी मिळेल, असे जाहीर केले. ४०९० ची किंमत १,५९९ डॉलर होती. दाव्याचा आधार एका खऱ्या फ्रेममागे तीन रचलेल्या फ्रेम हा होता. रचलेल्या फ्रेम वगळून मोजल्यावर ४०९० कितीतरी पुढे राहिले.

५४९ डॉलरची लढत

याच किमतीला एएमडीने मार्चमध्ये आरएक्स ९०७० आणले, आणि नावही मुद्दाम प्रतिस्पर्ध्याच्या अंकांशी जुळेल असे ठेवले. दोन कंपन्यांतली निवड प्रत्यक्षात कशी असते, ते इथे नीट दिसते. साध्या पद्धतीने रंगवलेल्या खेळांत ९०७० थोडे पुढे असते. मेमरी १२ ऐवजी १६ जीबी. वीज २५० ऐवजी २२० वॅट. सगळा प्रकाश किरणांच्या हिशेबाने रंगवणाऱ्या पाथ ट्रेसिंगमध्ये, उदाहरणार्थ 'सायबरपंक'च्या सर्वांत वरच्या सेटिंगवर, ५०७० पुढे जाते. डीएलएसएसची सोय असलेल्या खेळांची लांब यादीही त्याच्याच बाजूची.

खेळापलीकडे काम असेल, तर तराजू एनव्हिडियाकडे झुकतो. एनव्हिडियाचे 'कुडा' हे सॉफ्टवेअर २००७ पासून वापरात आहे. ब्लेंडरमध्ये रेंडर करणारा, व्हिडिओ एडिट करणारा किंवा मशीन लर्निंगचा प्रकल्प करणारा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी यांना कमी खटपटीत काम होते ते एनव्हिडियावर. पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या वसतिगृहात एकाच मशीनवर अभ्यास आणि गेम दोन्ही चालणार असतील, तर थोडे जास्त पैसे मोजायला हे सबळ कारण आहे. फक्त खेळायचे असेल, तर नाही.

इंटेलच्या बी५८० ची कथा वेगळी. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला १२ जीबी मेमरीचे हे कार्ड आले आणि परीक्षकांनी त्याचे स्वागत केले. जानेवारीत जुन्या प्रोसेसरांवर चाचण्या झाल्या, तेव्हा त्याचा वेग अनेक खेळांत बराच घसरलेला दिसला, कारण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी 'रिसाइझेबल बार' ही सोय मदरबोर्डमध्ये नसेल, तर आर्क कार्ड घेऊच नये. म्हणजे स्वस्त कार्ड ज्याला सर्वांत जास्त हवे, त्या जुन्या पीसीवाल्यालाच ते मानवत नाही.

एसएमपीएस विचारून घ्या

पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. पुढची वीज एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणाऱ्या वायरींनी. ६ पिनच्या जोडणीतून ७५, ८ पिनच्या जोडणीतून १५०. ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड पीसी सध्या मुलांसाठी स्वस्तात घेतले जातात. त्यांचा एसएमपीएस अनेकदा २५०-३०० वॅटच्या आसपास असतो आणि त्याला ८ पिनची वायरच नसते. अशा मशीनसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप कामाचे आहे: ७० वॅट, वेगळी वायर नाही. नावाची गंमत इथेही आहेच. ८ जीबीच्या ३०५० पेक्षा त्यात कोअर कमी आहेत.

सर्वांत वरच्या टोकाला आरटीएक्स ५०९० एकटे ५७५ वॅट ओढते. २०२२ मध्ये ४०९० च्या १६ पिनच्या नव्या जोडणीची टोके वितळल्याच्या तक्रारी आल्या. कनेक्टर पुरता आत न बसणे हे एनव्हिडियाने त्याचे मुख्य कारण सांगितले आणि नंतर जोडणीच्या रचनेत सुधारणा झाली. असे कार्ड बसवताना कनेक्टर शेवटपर्यंत आत गेला आहे आणि वायर तोंडाशीच वाकलेली नाही, हे पाहून घ्यावे. कॅबिनेटची आतली लांबीही आधी मोजावी; तीन पंख्यांची कार्डे ३० सेंटिमीटर सहज ओलांडतात.

डॉलर ते रुपया

अमेरिकेतली किंमत डॉलरच्या दराने (२०२५ च्या सुरुवातीला सुमारे ८६ रुपये) गुणून भारतातली किंमत निघत नाही. तिथल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. इथे कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. ५४९ डॉलरचे त्या दराने साधारण ४७,००० रुपये, कर धरून पंचावन्न-छप्पन्न हजार. एनव्हिडियाने ५०७० ची भारतातली किंमत ५९,००० पासून सुरू होईल असे सांगितले होते. त्यापुढे पुरवठ्यावर सगळे अवलंबून. त्यामुळे अमेरिकेत चुरशीची असलेली दोन कार्डे मुंबईत एकमेकांपासून पाच-सात हजारांनी लांब जाऊ शकतात, आणि तेवढ्याने निकाल फिरतो. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, तीन-चार दुकानांत भाव विचारून मग ऑनलाइन किमतीशी ताडून पाहणे अजूनही फायद्याचे ठरते. भाव विचारताना पूर्ण नाव, मेमरी आणि कंपनीचा मॉडेल नंबर कागदावर लिहून न्यावा आणि बिलावर सीरियल नंबर घालून घ्यावा.

किमती लवकर उतरतील, अशी आशा ठेवायला फारशी जागा नाही. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाचे उत्पन्न १३,०५० कोटी डॉलर होते आणि त्यात गेमिंगचा वाटा जवळपास ९ टक्के. बाकी बहुतेक सगळे डेटा सेंटरचे. २०२५ च्या अखेरीस एआयच्या मागणीने मेमरी चिपा इतक्या ओढल्या, की मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने साध्या ग्राहकांसाठीचा आपला 'क्रूशल' हा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली. कार्डावरची मेमरीही त्याच कारखान्यांतून येते.

सेकंडहँडची परीक्षा

नव्याला पैसे पुरत नसतील, तर जुने कार्ड हा चांगला पर्याय आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवरचे त्याचे मायनिंग, म्हणजे गणिते सोडवून चलन कमावणे, एका दिवसात थांबले, आणि महिनोन्महिने रात्रंदिवस चाललेली कार्डे बाजारात आली. मायनिंगचे कार्ड म्हणजे मेलेले कार्ड, असे नाही. चिप बहुधा ठणठणीत असते. पंखे, थर्मल पेस्ट आणि मेमरीवरचे पॅड झिजलेले असतात. घेण्याआधी ते चालू मशीनमध्ये पाहावे. 'जीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर कोअरची संख्या, मेमरीचा प्रकार आणि बिट दाखवते, आणि २०४८ कोअरचे ५८० तिथे लगेच पकडले जाते. मग जड खेळ किंवा बेंचमार्क अर्धा तास चालवून तापमान, पंख्याचा आवाज आणि पडद्यावर रंगीत ठिपके उमटतात का, ते बघावे. मूळ बिल आणि शिल्लक वॉरंटी असेल, तर हजार-दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही.

कार्डाचे वयही पाहावे. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. 'सायबरपंक २०७७' च्या २०२३ मधल्या सुधारित किमान गरजांत जीटीएक्स १०६० आहे, पण ६ जीबीचेच. हाती असलेले १०६० जुन्या खेळांसाठी खुशाल चालू ठेवावे. आज नव्याने घ्यायचे असेल, तर त्याच पैशांत रे ट्रेसिंगचे हार्डवेअर असलेले, वॉरंटी उरलेले आरटीएक्स २०६० किंवा आरएक्स ६६०० मिळते का, ते आधी शोधावे.